फाइलवर 'अबॉर्शन' लिहिलंय? आधी त्याच्या मागचा शब्द वाचा

डिस्चार्ज कार्डावर 'इनकम्प्लीट अबॉर्शन' दिसलं की घरात कुजबुज सुरू होते: हिने पाडलं की काय? वैद्यकीय भाषेत साधारण २० आठवड्यांच्या आत गर्भ आपोआप पडला तरी अबॉर्शन आणि पाडला तरी अबॉर्शनच. त्या शब्दात कुणावर ठपका नसतो.

आपोआप होणाऱ्या गर्भपाताचा प्रकार ठरवताना मुख्यतः दोन गोष्टी बघतात: गर्भपिशवीचं तोंड उघडलंय का आणि आत काय उरलंय. 'थ्रेटन्ड' म्हणजे अंगावरून रक्त जातंय, पण तोंड बंद आहे. सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसत असतील तर बहुतेक वेळा गर्भ टिकतो. त्यासाठी महिनाभर पलंगावर पडून राहिल्याने फायदा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तोंड उघडून कळा सुरू झाल्या की 'इनएव्हिटेबल'. तो थांबवता येत नाही. काही भाग आत राहिला तर 'इनकम्प्लीट', पिशवी पूर्ण रिकामी झाली तर 'कम्प्लीट'.

'मिस्ड'मध्ये घाई नडते. ठोके थांबलेले असतात, पण बहुधा रक्तस्राव नसतो. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा सॅक (गर्भाभोवतीचं पाण्याचं आवरण) सरासरी २५ मिमी किंवा मोठी असून आत गर्भच नाही, तरच निदान पक्कं. माप त्याहून कमी असेल तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगा. पाळी उशिरा आलेली असली तर दिवस चुकीचे मोजले जातात आणि वाढता गर्भही 'मिस्ड' वाटू शकतो.

सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. ताप आणि घाण वास येणारा स्राव म्हणजे पिशवीत जंतुसंसर्ग, 'सेप्टिक'. एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर ही गर्भ पिशवीऐवजी नळीत असल्याची खूण असू शकते. म्हणूनच दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नयेत: त्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत, पण रक्त जाऊ लागल्यावर काम झालं असं वाटतं आणि नळी फुटेपर्यंत कळत नाही.

गर्भपात करवून घ्यायचा असेल तर भारतात १९७१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये सुधारलेला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी, दोघांचं लागतं. स्त्री १८ पूर्ण असेल तर तिचीच सही पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या गर्भाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून देतात ते) गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत विचारून घ्या.