व्हिएतनामी शिकताय? लोकरंगभूमी आणि जुन्या सिनेमाच्या शब्दांत या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक वहीत होते. मराठी माणूस शब्द ऐकतो आणि देवनागरीत उतरवून मोकळा होतो. देवनागरीत सूर लिहिता येत नाही, आणि व्हिएतनामीत सूर चुकला की शब्दच बदलतो. 'मुआ' सपाट सुरात म्हणजे विकत घेणे, चढत्या सुरात (साक) नाच, उतरत्या सुरात (हुएन) हंगाम. वहीत तिन्ही सारखेच दिसतात.

हनोईत पाण्यावरच्या कठपुतळ्यांच्या खेळाचं तिकीट हवं असतं. 'मुआ रोय', म्हणजे कठपुतळ्यांचा खेळ, यात दोन्ही अक्षरं चढती. घाईत पहिलं सपाट आणि दुसरं उतरतं म्हटलं, तर अर्थ होतो 'घेऊन झालं'. खिडकीतली बाई तुम्हाला सरळ प्रवेशद्वाराकडे पाठवणार, आणि तिचं काहीच चुकलेलं नसतं. दोन्ही उतरती म्हटली, तर 'गेला हंगाम'.

यावर उपाय एकच. शब्द रोमन व्हिएतनामी लिपीतच, सगळ्या खुणांसकट लिहा. टेलेक्स कीबोर्डवर (साध्या इंग्रजी अक्षरांनी व्हिएतनामी खुणा टाइप करण्याची पद्धत) शब्दाच्या शेवटी एस दाबला की साक, एफ दाबला की हुएन. मग हे वाक्य घोटा: 'मुआ वे मुआ रोय नुओक', पाण्यावरच्या कठपुतळ्यांचं तिकीट घेणे. पहिलं अक्षर सपाट, पुढची चारही चढती. सूर 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना सगळे शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात.

दुसरी खोड म्हणजे तिथल्या सगळ्या नाट्यप्रकारांना 'ऑपेरा' म्हणणं. तमाशा, दशावतार आणि संगीत नाटकाला कुणी एकच नाव दिलं तर आपल्याला चालेल का? 'चेओ' उत्तरेचा, लाल नदीच्या खोऱ्यातला. तो गावच्या 'दिन्ह'समोर, म्हणजे ग्रामसभागृहाच्या अंगणात, चटईवर होतो, आणि त्यातला विदूषक अधिकाऱ्यांची खिल्ली उडवतो. 'तुओंग' वीररसाचा, रंगवलेल्या चेहऱ्यांचा. त्याला ह्वे या जुन्या राजधानीतल्या राजदरबाराचा आश्रय होता. 'काइ लुओंग' दक्षिणेचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. 'वोंग को' हे गाणं त्याचा प्राण. दक्षिणेत तुओंगला 'हात बोइ' म्हणतात, पण तिथेच 'तुओंग काइ लुओंग' म्हणजे काइ लुओंगचं एखादं नाटक. त्यामुळे सायगावात नुसतं 'तुओंग' ऐकून निष्कर्ष काढू नका, पुढचा शब्द ऐका.

'चिएउ' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, चटई आणि पडद्यावर दाखवणे. 'चिएउ चेओ' म्हणजे चेओची चटई, अर्थात रंगमंच. 'चिएउ बाँग' म्हणजे सावली पडद्यावर पाडणे, सिनेमाचं जुनं नाव. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ते शोभतं, तिकीट काढताना मात्र 'चिएउ फिम' म्हणा. दक्षिणेत जुने लोक 'सी-ने' म्हणतात, तो फ्रेंच वारसा.

नुसतं 'राप' म्हणू नका. लग्नाचा मांडवही राप, थिएटरही राप. 'राप हात' (नाटकाचं थिएटर) किंवा 'राप चिएउ फिम' (सिनेमाचं) असं पूर्ण बोला.

'थुएत मिन्ह' आणि 'लोंग तिएंग' दोन्हींना डबिंग समजू नका. पहिल्यात मूळ आवाज मागे चालू असतो आणि एकच माणूस सगळ्यांचे संवाद वाचतो. फिरत्या सिनेमात तो माइक घेऊन तिथेच बसत असे. दुसऱ्यात प्रत्येक पात्राला वेगळा आवाज.

व्हिएतनामीत आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये मोजणीचा शब्द येतो: नाटक मोजताना 'वो', चित्रपट मोजताना 'बो', कठपुतळीला 'कोन'.

पाहणे हे उत्तरेत 'सेम', दक्षिणेत बहुधा 'कोइ'.

अभिनेत्रीला 'दाओ' म्हणू नका, तो जुन्या फडांचा शब्द. 'न्गे सी', कलाकार, म्हणा.