डांबराच्या पातळ थराला पेव्हरचा (रस्त्यावर डांबरी माल पसरणाऱ्या यंत्राचा) वेग किती ठेवायचा?

पूर्व द्रुतगती मार्गावर रात्रीचं काम असलं की मी आधी डांबरी माल बनवणाऱ्या प्लांटला फोन लावतो: आज तासाला खरोखर किती टन निघेल? पाटीवर १०० असतं, पण खडी ओली असली की ती सुकवणारा ड्रायर मागे खेचतो. मी ८० धरतो.

मग हिशेब. रुंदी ३.५ मीटर, दाबल्यानंतरची जाडी ३० मिमी, घनता घनमीटरला २.३५ टन, एका मीटरला साधारण २४७ किलो माल. ८० टनांत ३२४ मीटर, म्हणजे मिनिटाला ५.४ मीटर. हाच थर ५० मिमीचा असता तर वेग ३.२ वर आला असता. खरी अडचण इथेच आहे: पातळ थरात पेव्हर पळतो, थर भरभर थंड होतो आणि रोलर मागे राहतो. रोलरला झेपत नसेल तर दुसरा रोलर आणा, नाहीतर प्लांटलाच माल कमी सोडायला सांगा.

डंपर १६ टनी, तासाला पाच लागतात. भरणं, वजनकाटा, वाशीचा खाडीपूल, रिकामं होऊन परत, अशी अडीच तासांची फेरी धरली तर १३ डंपर हवेत.

पुढचा डंपर अडकला तर वेग ३ वर आणा, पण पेव्हर शक्यतो थांबवू नका. थांबला की स्क्रीड (थर सपाट करणारी मागची जड पाटी) खाली बसतो, पुढचा माल गार होतो, आणि पुन्हा निघताना पडलेला उंचवटा रोलरने जात नाही. हॉपर (डंपर ज्यात माल ओततो ती पुढची पेटी) कधीच तळापर्यंत रिकामा होऊ देऊ नका. माल अर्ध्या ऑगरपर्यंत (स्क्रीडपुढे माल आडवा पसरवणाऱ्या स्क्रूपर्यंत) कायम दिसला पाहिजे. ठरलेला वेग मी ऑपरेटरच्या समोर पॅनेलवर खडूने लिहून ठेवतो.