धर्म जोखायचा असेल तर आधी प्रश्न लहान करा

धर्म ग्रंथावरून ओळखायचा की माणसांवरून, हा प्रश्न घेऊन माझे जुने विद्यार्थी घरी येतात ते बहुतेक वेळा कुठेतरी वाद घालून आलेले असतात. कुणाच्या बहिणीचं लग्न दुसऱ्या धर्मात ठरलेलं असतं, कुणाचं ऑफिसात वाजलेलं असतं. एक म्हणतो, "बाई, त्यांच्या पुस्तकातच तसं लिहिलंय." दुसरा म्हणतो, "लिहिलेलं सोडा, वागतात कसे ते बघा." मी महाडच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. त्यामुळे मी लगेच उत्तर देत नाही, वही काढायला सांगते.

वहीत पहिल्या ओळीवर प्रश्न लिहायचा आणि तो लहान हवा. "अमुक धर्म चांगला का" या प्रश्नाला कुणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात हजारो वर्षं आणि कोट्यवधी माणसं कोंबलेली असतात. "या धर्मात, या गावी, या काळात, पाणी कोण भरू शकत होतं" हा प्रश्न मात्र तपासता येतो. "नवऱ्याने टाकलं तर बाईला काय मिळतं" हाही येतो. देवळात कोण जाऊ शकतं, ग्रंथ कोण वाचू शकतं, धर्म सोडणाऱ्याचं काय होतं, असे चार-पाच प्रश्न पुरेत. एका वेळी एकच घ्या.

मग पानावर उभी रेघ मारा. डावीकडे ग्रंथ काय म्हणतो, उजवीकडे माणसं काय करतात. आणि इथे पहिली अट: आपल्या आणि दुसऱ्याच्या, दोन्ही धर्मांसाठी दोन्ही बाजू भरायच्या. वादात आपण सगळेच आपल्या धर्माचा ग्रंथ पुढे करतो आणि दुसऱ्याच्या धर्मातली वाईटात वाईट माणसं. आपल्याकडचा अन्याय ही "विकृती" आणि त्यांच्याकडचा अन्याय हीच "शिकवण". ही लबाडी एकदा कागदावर दिसली की वाद तिथेच निम्मा होतो. ज्याला ही अट मान्य नाही, त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

आता आमच्याच गावाचं पान भरून दाखवते. प्रश्न: 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांना घेता येत होतं का?

कागदोपत्री येत होतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्ये मंजूर केला होता, आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव 1924 मध्ये केला. प्रत्यक्षात कुणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी महाडच्या परिषदेला जमलेल्या आपल्या लोकांना घेऊन तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं: घागरींनी पाणी उपसून बाहेर काढलं आणि दूध, दही, शेण, गोमूत्र मंत्रासह तळ्यात ओतलं. मुसलमान, ख्रिस्ती, गुरंढोरं पाणी पीत होती, तेव्हा कुणी शुद्धीकरण केलं नव्हतं.

इथे थांबून उजवी बाजू पुन्हा वाचा. "हिंदूंनी मारलं" एवढंच लिहिलंत तर पान खोटं ठरेल. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबा टिपणीस आंबेडकरांच्या बाजूचे होते. अनंतराव चित्रेही त्यांच्याबरोबर होते. डिसेंबरमध्ये परिषद पुन्हा भरली तेव्हा मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने. 25 डिसेंबर 1927. मारणारे आणि हे, सगळे एकाच धर्माचे अनुयायी. म्हणून "अनुयायी" हा एक गठ्ठा समजू नका. उजव्या बाजूला पुन्हा दोन रकाने पाडा: ज्यांनी अन्याय केला ते, आणि ज्यांनी त्याच धर्मात राहून तो अडवला ते. दुसऱ्या रकान्यातल्या माणसांना स्वकीयांनी कसं वागवलं, हेही लिहा. एखाद्या परंपरेविषयी मला सर्वांत जास्त तिथेच कळतं.

ग्रंथाच्या बाजूचंही तसंच आहे. मनुस्मृती जाळली गेली, कारण त्या विषमतेला ती आधार देत होती, आणि हे डोळे मिटून नाकारण्यात अर्थ नाही. पण तळ्याचा वाद दिवाणी कोर्टात गेला, तेव्हा तळं बंद ठेवणाऱ्यांची मदार श्लोकावर नव्हती. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला चालत राहिला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी वहिवाट शाबीत झालेली नाही. "आपल्यात पूर्वीपासून असंच आहे" असं ठासून सांगितलेली गोष्ट साक्षीपुराव्यापुढे टिकली नाही.

तेव्हा दोन बाजूंच्या मध्ये तिसरा रकाना हवा: वहिवाट. ना ग्रंथातली, ना एखाद्या माणसाच्या स्वभावातली, पण ग्रंथाच्या नावाने खपवली जाणारी. माझ्या अनुभवात धर्माच्या नावावरचे बहुतेक जाच या रकान्यात सापडतात. प्रत्येक वेळी विचारा: हे कुठे लिहिलंय, कधीपासून आहे, आणि हे कुणाच्या सोयीचं आहे?

वहिवाटीचा रकाना भरताना मुस्लिम समाजातल्या एका दमात दिलेल्या तीन तलाकचं उदाहरण जरूर घ्या. कुराणात दोन्ही घरांकडचे मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे, इद्दतीची, म्हणजे तलाकनंतर थांबायची, मुदत पाळायला सांगितलं आहे. तरी अनेक पिढ्या एका श्वासातला तलाक वैध धरला गेला. धरणाऱ्यांमध्येही एकमत नव्हतं, अहले हदीस या पंथाची मंडळी तीन उच्चारांचा एकच तलाक मानत आली. 2002 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका लातूरच्या प्रकरणात सांगितलं की तलाकला सबळ कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न हवा. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द केली. पण त्याच्या कितीतरी आधी, 18 एप्रिल 1966 ला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले होते. त्या सात बायका "अनुयायी" नाहीत का? मुस्लिम समाज कसा आहे हे सांगताना त्यांना वगळणारा माणूस अभ्यास करत नाही, निवड करतो.

आता सर्वांत अवघड भाग. समजा तुम्ही स्वतः धर्म निवडणार आहात, किंवा सोडणार आहात. तेव्हा पंडिता रमाबाईंची रीत बघा, माझ्या माहितीत याहून कडक परीक्षा कुणी घेतलेली नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून विद्वानांनी जाब विचारला, आणि त्यांनी शास्त्राधारानेच उत्तर दिलं. मुलगी त्याच शास्त्रांत वाढली, पण कलकत्त्याला धर्मशास्त्रं नीट वाचल्यावर तिला दिसलं की बाकी बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ बाईला कमी लेखण्यात मात्र एक होतात. पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅमला सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचं, पतित स्त्रियांसाठीचं काम तिने पाहिलं. आधी माणसं पाहिली. मग विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, शोमरोनी बाईची गोष्ट, तिच्यापुढे आली. म्हणजे काम आणि त्याच्यामागचा ग्रंथ जुळतो का, हे तिने तपासलं. 29 सप्टेंबर 1883 ला बाप्तिस्मा घेतला.

आणि परीक्षा तिथे संपवली नाही. पुढे तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती त्यांच्याशी स्पष्टपणे भांडली. मतप्रणालीतले प्रश्न विचारत राहिली. ज्या धर्मात आलो तिथेही वही मिटायची नाही, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. नव्या धर्मात गेलेल्या माणसाला जुन्यातली प्रत्येक चूक दिसते आणि नव्यातली एकही दिसत नाही, असं फार होतं.

वाचताना काही गोष्टी सांभाळा. ग्रंथातलं सुटं वाक्य घेऊ नका, आधीची आणि नंतरची पानं वाचा, ते कुणाला आणि कोणत्या प्रसंगी उद्देशून आहे ते शोधा. त्या धर्मातलाच माणूस ते कसं समजतो ते त्याला विचारा, मग त्याच्या घरातल्या बाईला वेगळं विचारा. मी हा दुसरा प्रश्न कधीच सोडत नाही. सणावारी स्वयंपाकघरात कोण असतं, मृत्यूनंतर वाटा कुणाला मिळाला, मुलीला कुठपर्यंत शिकवलं, हे ती सांगते. प्रवचनात यातलं काहीच ऐकू येत नाही.

चांगलं दिसलं तर तेही तितक्याच काटेकोरपणे लिहा. आपल्याकडे चोखोबांचे अभंग घरोघरी म्हटले गेले आणि त्यांच्या जातीची माणसं पंढरपूरच्या देवळाबाहेर उभी राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. त्या पानावर अभंग लिहायचे, बंद दारही लिहायचं, आणि उपोषणाला बसलेला वारकऱ्यांच्याच महाराष्ट्रातला माणूसही लिहायचा. यातलं काहीही खोडलं तर पान अपुरं राहतं.

शेवटी निष्कर्ष. तो दोन ओळींचा असावा आणि त्यात गाव, काळ, प्रश्न हे तिन्ही असावेत. "1927 च्या महाडमध्ये पाण्याच्या प्रश्नावर बहुसंख्य सवर्ण हिंदूंनी वहिवाटीच्या नावाने अन्याय केला, त्यांच्यातल्याच काहींनी तो उघडपणे नाकारला, कोर्टात वहिवाट टिकली नाही." एवढंच. याच्यापुढे "म्हणून हा धर्म असा" हे वाक्य लिहिण्याचा मोह होईल. ते लिहायचंच असेल तर किमान पाच वेगवेगळ्या प्रश्नांची पानं आधी भरा, आणि त्यातलं एक तरी तुमच्या स्वतःच्या घरातलं असू द्या.