मुंबईहून एचबीसीयूत शिकायला जायचं असेल तर

हॉवर्ड म्हणजे हार्वर्ड नव्हे, हे आधी घरच्यांना सांगून टाका. हॉवर्ड विद्यापीठ वॉशिंग्टन डीसीमध्ये आहे, १८६७ सालचं. अमेरिकेतल्या ज्या सुमारे शंभर संस्थांना एचबीसीयू म्हणतात, म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयं आणि विद्यापीठं, त्यांतलं ते एक. कायद्यातली व्याख्या सरळ आहे: १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हेच मुख्य उद्दिष्ट असलेली मान्यताप्राप्त संस्था. प्रवेश सर्वांना खुला असतो. आज साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. तेव्हा ‘आपल्याला घेतील का?’ ही शंका सोडा. ‘आपण तिथेच का जायचं?’ याचं उत्तर मात्र अर्ज भरण्याआधी तयार हवं.

ते उत्तर इतिहासात आहे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. गुलामगिरी संपल्यावरही तिथल्या विद्यापीठांची दारं बंदच राहिली. म्हणून वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. मराठी घरांत ज्यांचं नाव पोचलेलं आहे ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत अलाबामातल्या टस्कीगीत शिकवत होते. ती यांतलीच एक संस्था. मार्टिन लूथर किंग अटलांटाच्या मोअरहाउसचे, न्यायमूर्ती थरगुड मार्शल लिंकन आणि हॉवर्डचे. घरात पदवीधर नसलेल्या मुलाला हाताशी धरून पदवीपर्यंत नेणं, हे या संस्थांचं खरं कसब. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज कोणत्या गरजेतून काढलं हे ज्याला कळतं, त्याला एचबीसीयू समजावून सांगावी लागत नाही.

निवड विषयावरून करा, नावावरून नको. इंजिनीअरिंगसाठी ग्रीन्सबरोचं नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी पाहा. विद्यार्थिसंख्येने ती सर्वांत मोठी एचबीसीयू. फार्मसीसाठी न्यू ऑर्लिन्सचं झेवियर, वैद्यकासाठी नॅशव्हिलचं मेहॅरी, पशुवैद्यकासाठी टस्कीगी. स्पेलमन फक्त मुलींचं आणि मोअरहाउस फक्त मुलांचं. दोन्ही अटलांटात शेजारी-शेजारी असल्यामुळे एकमेकांकडचे विषय घेता येतात. पीएचडी करायची असेल तर संशोधनात हॉवर्ड आघाडीवर आहे. मुंबईतल्या एजंटकडे मात्र यांतली बरीच नावं सापडणार नाहीत, कारण एजंटचं कमिशन ज्या विद्यापीठांशी करार असतो त्यांच्याकडून येतं. अमेरिकी सरकारच्या एज्युकेशनयूएसए या सल्ला केंद्राच्या सल्लागारांकडे जा.

नाव ठरलं की दोन गोष्टी तपासा: संस्थेची मान्यता चालू आहे का, आणि तिला परदेशी विद्यार्थ्यांना आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद, देण्याचा अधिकार आहे का. पहिली तपासणी औपचारिक समजू नका. अटलांटाच्या मॉरिस ब्राउन कॉलेजची मान्यता २००२ मध्ये गेली आणि ती परत मिळायला २०२२ उजाडलं. मधल्या काळातली पदवी घेऊन नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला जाणाऱ्याची काय अवस्था होत असेल, विचार करा. इंजिनीअरिंग असेल तर त्या विशिष्ट शाखेला एबेट या अमेरिकी संस्थेची मान्यता आहे का तेही पाहा.

पैशाच्या बाबतीत मुलं सर्वांत जास्त फसतात. सरकारी एचबीसीयूच्या संकेतस्थळावर ठळक दिसणारी फी बहुतेकदा त्या राज्यातल्या रहिवाशांची असते. तुम्हाला राज्याबाहेरची फी लागते आणि ती बरीच जास्त असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. उरते ती विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती, आणि एमएस-पीएचडीला असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारा मोबदला. त्यासाठी अर्जाबरोबरच संबंधित प्राध्यापकांना लिहा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची अट जागतिक क्रमवारीशी बांधलेली आहे आणि बहुतेक एचबीसीयू त्या क्रमवारीत वर नाहीत, म्हणून तिच्या भरवशावर बेत आखू नका. ही क्रमवारी या संस्थांचं मोल मापत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अट ती अट.

प्रयोगशाळेबद्दलही थेट विचारा. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून कळवलं, की तिथल्या कृष्णवर्णीय लँड-ग्रँट (शेती आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदतीवर उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांना तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला. जुनी उपकरणं, अपुरी हॉस्टेलं यांचं मूळ तिथे आहे. तुमच्या विषयाचं यंत्र चालू आहे का आणि दुसऱ्या वर्षी हॉस्टेलची खोली मिळते का, हे ईमेलवर लेखी घ्या.

कागदपत्रांत मुंबईकरांचा घोळ नावावर होतो. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आईचं नाव त्यात नसतं. मग संगणक आईच्या नावालाच आडनाव समजतो, आणि ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा) आलेलं असूनही अर्ज ‘अपूर्ण’ दिसतो. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि प्रवेश कार्यालयाला पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही रूपं कळवा. ट्रान्स्क्रिप्ट बंद पाकिटात लागत असेल तर चिकटवलेल्या तोंडावर शिक्का आहे ना ते पाहा. पाकीट फोडलं की तो कागद बाद. सीजीपीए स्वतः चारच्या पट्टीत बदलू नका. जुन्या बॅचना सातपैकी, नंतरच्यांना दहापैकी गुण आहेत. आहे तसा आकडा आणि ‘पैकी किती’ हे लिहा. तीन वर्षांच्या पदवीवर एमएसला घेतात का, हे अर्जाची फी भरण्याआधी त्या विभागाला विचारा.

उद्देशपत्रात (एसओपी) जात आणि वंश यांची घाईघाईने तुलना करण्याचा मोह होतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि डू बॉइस फिस्क या एचबीसीयूचे पदवीधर होते, हे खरं. मोअरहाउसचे पुढे अध्यक्ष झालेले बेंजामिन मेज १९३६-३७ च्या भारतभेटीत गांधीजींना भेटले, हेही खरं. पण प्रवेश समितीला ही माहिती आधीच असते. धारावीत शिकवणी घेतली असेल तर किती मुलं होती, कोणता विषय, कुठे अडत होती ते लिहा. ते तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

आय-२० हातात आलं की ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. निधी दाखवताना डोंबिवलीच्या फ्लॅटचं मूल्यांकन एकटं पुरत नाही. बचत खातं, मुदत ठेव किंवा मंजूर कर्जाचं पत्र लागतं. काही बँका त्यांच्या यादीबाहेरच्या विद्यापीठाला विनातारण कर्ज देत नाहीत, म्हणून अर्ज करण्यापूर्वीच शाखेत विचारा. मुलाखतीत ‘हेच विद्यापीठ का?’ याला उत्तर एका वाक्यात द्या: अभ्यासक्रमाचं नाव, प्राध्यापकाचं नाव, तिथे काय करणार. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आय-२० वरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा जास्त आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. हॉस्टेल कोणत्या दिवशी उघडतं ते पाहूनच तिकीट काढा.