दिव्यांग दाखला: कोणत्या आजाराला मिळतो, कोणत्याला नाही, आणि बोर्डासमोर काय सांगायचं

आमच्या नानांना लकवा मारला तेव्हा आम्ही दोन महिन्यातच त्यांना गाडीत घालून चोपड्याहून जळगावला नेलं, दाखला काढायला. सोबत जाडजूड फाइल, सिटी स्कॅन, मेडिकलची सगळी बिलं. तिथून सांगितलं की अजून सुधारणा होऊ शकते, साधारण सहा महिने झाल्यावर या. परत आलो. सहा महिन्यांनी गेलो तर डॉक्टरांनी विचारलं बाबा काय काय जमतं, आणि नाना ताठ बसून म्हणे "सगळं जमतं मला". घरी सदऱ्याची बटणं सुनबाई लावायची, ताटातली भाकरी सुद्धा तीच मोडून द्यायची, पण परक्या माणसासमोर ते कबूल कोण करणार? शेवटी वहिनीच मागून बोलली तेव्हा कुठं नीट तपासणी झाली. त्या दिवशी रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलेलं वाक्य मी आता प्रत्येकाला सांगतो: "काय व्हयनं ते ऱ्हाऊ द्या, काय जमत नही ते सांगा."

सगळी गोम इथंच आहे. बोर्ड, म्हणजे दाखल्यासाठी तपासणारे सरकारी डॉक्टर, आजाराचं नाव मोजत नाही, त्या आजारानं शरीराचं काय अडलं ते मोजतं. म्हणून "शुगरवर दाखला मिळतो का", "बीपीवर मिळतो का" याचं उत्तर नाही असंच आहे, पण शुगरनं पाय कापावा लागला तर मिळतो, शुगरनं दोन्ही डोळ्यांची नजर गेली तर मिळतो.

कायदा 2016 चा आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. 1995 च्या जुन्या कायद्यात 7 प्रकार होते, आता 21 आहेत. हातपाय, लकवा, पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, स्नायू वाळत जाणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफी, बरा झालेला कुष्ठरोग पण हातापायात व्यंग राहिलेलं, ॲसिड हल्ला, बुटकेपणा (मोठ्या माणसाची उंची 147 सेंमी किंवा कमी), अंधत्व, कमी नजर, ऐकू न येणं, बोलता न येणं, मतिमंदत्व, स्वमग्नता, मुलांचं शिकण्यातलं अडणं, मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-नसांचे इतर जुनाट आजार, आणि रक्ताचे तीन: हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. यातले दोन-तीन एकत्र असले तर तो बहुविकलांगतेचा प्रकार वेगळा.

दिव्यांगत्वाचे टक्के निदान 40 पाहिजेत, बहुतेक सगळे फायदे तिथून सुरू होतात. इथं खूप जण फसतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्केच धरतात. एकाच कानानं ऐकू येत नसेल तर त्यात बसत नाही, दोन्ही कानांचं ऐकणं निदान 60 डेसिबलनं कमी झालेलं पाहिजे. कडबाकुट्टीत एखादं बोट गेलं तरी सहसा 40 होत नाहीत, हे ऐकून वाईट वाटतं कारण आपल्याकडे अशी माणसं गावोगाव आहेत आणि कापूस वेचायला ते बोट लागतंच.

आता सिकलसेलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव अक्कलकुवा तळोदा शहादा, इकडे शिरपूर चोपडा यावल, हा आजार घराघरात आहे आणि लोकांना माहीतच नसतं की तो या यादीत आहे. रिपोर्टवर काय लिहिलंय ते आधी बघा. एएस म्हणजे फक्त वाहक, त्याला दाखला नाही. एसएस म्हणजे आजार, त्याला मिळू शकतो. कॅम्पमध्ये जी सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची झटपट प्राथमिक चाचणी) करतात तिच्यात पॉझिटिव्ह आलं म्हणजे दोन्हीपैकी काहीही असू शकतं, म्हणून एएस की एसएस ते नक्की सांगणारी रक्ततपासणी, म्हणजे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, तिचा रिपोर्ट हातात पाहिजे. आणि टक्के ठरवताना वर्षात किती वेळा दुखणं उठलं, किती वेळा रक्त चढवलं, ते बघतात, तर पोरगं ॲडमिट झालं की डिस्चार्ज कार्ड घ्याच, रक्त दिल्याची नोंद त्यात आहे का ते तिथंच वाचून घ्या. आपल्याकडे ही कार्डं पावसात भिजतात, हरवतात, मग बोर्डासमोर तोंडी सांगून काही होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा.

शाळेतल्या पोरांचं: वाचता-लिहिता येत नाही, अक्षरं उलटी होतात पण बाकी हुशार आहे, तर त्याला मारू नका, तपासा. हा दाखला वयाच्या 8 वर्षांनंतर मिळतो, पुन्हा 14 आणि 18 व्या वर्षी तपासणी होते. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात, त्याचा खरंच फरक पडतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि रिपोर्ट लावून. स्वतः जमत नसेल तर सेवा केंद्रात भरून घ्या, पण मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. तपासणी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा मेडिकल कॉलेजला, जळगाव धुळे नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्या आजाराचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो ते आधी विचारून निघा, नाहीतर धडगावहून नंदुरबारची चक्कर फुकट जाते आणि त्या दिवसाची मजुरीही. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 पासून पुढं निळं.

कार्डावर काय मिळतं? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला 1500 होते, ऑक्टोबर 2025 पासून 2500 केले. वय 18 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत, महाराष्ट्रात 15 वर्षं रहिवास, अर्ज तहसीलला. एसटीत तिकिटाला 75 टक्के सूट, आणि 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही 50 टक्के. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उभं राहून विचारा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंद मुलांसाठी निरामय विमा, 1 लाखाचा.

ज्यांचा आजार 21 मध्ये नाही त्यांनी इथं थांबू नका. कॅन्सर, टीबी, एड्स अशा दुर्धर आजारानं कमवता येत नसेल तर त्याच संजय गांधी योजनेत दिव्यांग म्हणून नाही तर दुर्धर आजाराचा रुग्ण म्हणून अर्ज करता येतो, फक्त तिथं उत्पन्नाची अट 21 हजारांची आहे. डायलिसिसवाल्यांना दिव्यांग दाखला मिळत नाही पण साध्या एसटीत प्रवास मोफत आहे, सिकलसेल आणि हिमोफिलियालाही.

टक्के कमी दिले असं वाटलं तर 90 दिवसांत अपील करता येतं. आणि दाखला तात्पुरता असेल तर त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, सिकलसेलला बहुतेक वेळा तात्पुरताच देतात, ती तारीख उलटली की संजय गांधी योजनेचा महिन्याचा पगार बंद पडतो आणि कळतं ते बँकेत गेल्यावर. नानांचा कायमचा आहे तरी हयातीच्या दाखल्याला दरवर्षी आम्हीच घेऊन जातो, आता बटणांचं ते स्वतःच सांगतात.