मुंबईच्या घरात लोच पाळायचे, तर आधी त्यांची नदी ओळखा

लोच म्हणजे गोड्या पाण्यात तळाशी राहणारे, तोंडाला मिशा असलेले मासे. क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडे एकाच काचेमागे देशोदेशीचे लोच एकत्र पोहताना दिसतात. नारिंगी-काळे क्लाउन, लांबोडके कुली, अंगभर बारीक पट्ट्यांचे झेब्रा, यो-यो. दुकानदार सगळ्यांना एकाच दमात विकतो, ‘खालचे मासे आहेत, टँक साफ ठेवतात.’ ते टँक साफ ठेवत नाहीत. घाण आपल्यालाच काढावी लागते. म्हणून भाव विचारण्याआधी हा मासा कुठल्या पाण्यातला, हे विचारा. दुकानदाराला ते सांगता आलं नाही तर खाली वाचा.

क्लाउन लोच सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूटभर होतो, वीस वर्षांहून जास्त जगू शकतो आणि त्याला सोबतीला आपल्या जातीचे मासे लागतात. वन-बीएचकेत सहा फुटी टँक मावणार नसेल तर डोळे भरून बघा आणि पुढे चला.

व्हिएतनामच्या डोंगरी ओढ्यातला सेवेलिया लोच हल्ली बराच दिसतो. चपटा, दगडाला पोटाने घट्ट चिकटणारा, फार देखणा. त्याला खळाळतं, प्राणवायूने भरलेलं, वीस ते चोवीस अंशांचं पाणी हवं. मुलुंडला माझ्या घरी मे महिन्यात टँकमधलं पाणी एकतीस अंशांवर जातं. पाण्यावर टेबल फॅन सोडला की एखाद-दोन अंश उतरतं, पण हवाच दमट असली की तेवढंही नाही. चिलर घेण्याची तयारी नसेल तर सेवेलिया घेऊ नका.

उरले कुली आणि बोटिया, म्हणजे झेब्रा आणि यो-यो. मुंबईकराने सुरुवात कुलीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कुली म्हणून मिळतो तो बहुतेकदा पँजिओ सेमिसिंक्टा, मलाय द्वीपकल्प आणि आसपासच्या बेटांवरचा. तिथल्या दलदलीच्या जंगलात पानं कुजून पाणी चहाच्या रंगाचं होतं, प्रवाह जेमतेम असतो आणि तळाशी पानांचा थर. हे सगळं आपल्याला फुकट करता येतं. सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड असतंच. त्याची आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी पानं उचला. हिरवी तोडू नका, आणि जिथे डासांचा फवारा मारतात तिथली घेऊ नका. धुऊन, एक रात्र भिजवून तळाशी सोडा. पान विरायला लागलं की दुसरं टाका. महापालिकेचं पाणी तलावांत साठलेल्या पावसाचं, त्यामुळे बऱ्यापैकी मृदू असतं आणि कुलीला मानवतं. फक्त क्लोरीन काढायला हवं. अँटिक्लोरीन टाकल्याशिवाय एक तांब्याही ओतू नका. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी तापलेलं असतं, तेव्हा बादली रात्री भरून ठेवा.

खरी मेहनत तळावर करा. बारीक, गुळगुळीत वाळू दोन इंच घाला आणि ती बादलीतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. चौपाटीची वाळू नको, तिच्यातला शिंपल्यांचा चुरा पाणी जड करतो. टोकदार रंगीत खडी तर मुळीच नको. दिवा लावण्याआधी पहाटे टँकजवळ बसा म्हणजे कारण कळेल. कुली तोंड वाळूत खुपसतो, तोंडभर घास घेतो, तोंड हलवतो आणि कल्ल्यांच्या फटीतून वाळूची बारीक धार खाली गळते. खाण्याजोगं तेवढं आत राहतं. तोंडाभोवतीच्या मिशांनी तो सतत चाचपडत असतो. खडीवर त्या मिशा झिजतात, मग जखम होते आणि मासा खायचा थांबतो.

बोटियांत झेब्रा लोच माझा सर्वांत लाडका, कारण तो आपल्या सह्याद्रीतला. तुंगा नदीतल्या माशांवरून 1920 साली नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या वरच्या नद्यांत, दगड-वाळूच्या तळावर तो राहतो. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींत आहे, म्हणून हॅचरीत वाढलेला असल्याची खात्री पटली तरच घ्या. नाहीतर गंगेच्या खोऱ्यातला यो-यो घ्या. तो वीतभर होतो आणि दादागिरी करतो, त्याला चार फुटी टँक द्या. झेब्राला तीन फुटी पुरतो. दोघांनाही काळ्या पाषाणाचे गोटे रचून पोकळ्या करून द्या, म्हणजे प्रत्येकाला लपायला जागा मिळते. एका बाजूला पॉवरहेड, म्हणजे पाण्याला प्रवाह देणारा छोटा पंप लावा. पाच-सहापेक्षा कमी आणू नका. जेवताना भांडले की ‘टक्-टक्’ आवाज काचेबाहेर ऐकू येतो. बोटिया गोगलगायींना आवडीने फस्त करतात, त्यासोबत बुडणाऱ्या गोळ्या आणि काकडीची चकती द्या. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे नकोत, रोग घेऊन येतात.

ओढ्यातून मासे पकडून आणायचं मनात आणू नका. राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेला एक लोच 2020 मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. अशा एखाद्या झऱ्यापुरत्या जाती असतात. जाळ्याच्या चार फेऱ्यांत संपतील.

झाकणाला फट ठेवू नका, आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, कुली तिथूनच आत शिरतात. बोटियाला जाळीने पकडू नका. त्याच्या डोळ्याखाली दुटोकी काटा असतो, घाबरला की तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. सोडवताना मासा जखमी होतो. पारदर्शक मग पाण्यात आडवा धरा आणि त्यात त्याला हळूच हाकला. लोचचे खवले फार बारीक असतात, काहींना जवळपास नसतातच. औषध त्यांना लवकर बाधतं. माशाच्या अंगावर रोगाचे पांढरे ठिपके दिसले तर आधी एअर पंप वाढवा, पाणी दोन दिवसांत हळूहळू तीस अंशांवर न्या, फिल्टरमधला कार्बन काढा, आणि बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्माच डोस द्या.