‘झेनिथ’ हा शब्द कसा उकलावा

खगोलशास्त्रातला इंग्रजी शब्द समजून घेताना आधी शब्दकोश उघडू नये. तो आकाशातल्या ज्या जागेवर बोट ठेवतो, ती जागा आधी पाहावी. ‘झेनिथ’साठी एक ओळंबा पुरतो. त्याची दोरी स्थिर होऊ द्यावी आणि तीच रेषा मनाने वर वाढवावी: ती आकाशाला जिथे भिडेल तो बिंदू म्हणजे झेनिथ, आपले खस्वस्तिक. क्षितिजापासून तो सगळीकडून ९० अंशांवर असतो. रेषा खाली पृथ्वीच्या आरपार नेली की नादिर, म्हणजेच अधःस्वस्तिक मिळते. हे बिंदू ज्याचे त्याचे वेगळे असतात. उत्तरेकडे सुमारे १११ किलोमीटर गेले की खस्वस्तिक ताऱ्यांमध्ये एका अंशाने सरकते.

मग मुळाकडे वळावे. अरबी ज्योतिर्विद या बिंदूला ‘सम्त अर-रास’, म्हणजे ‘डोक्यावरची वाट’ म्हणत. लॅटिनमध्ये येताना त्यातला ‘सम्त’ तेवढा उरला आणि त्याचा पुढे ‘सेनित’ झाला. हे कसे घडले असावे ते कागदावरच पाहावे. रोमन लिपीतला लहान एम काढला की तीन उभ्या रेघा होतात. एन काढून त्याला लागून टिंब न देता आय काढला, तरी तीनच. जुन्या हस्तलिखितांत आयवर टिंब नेहमी नसे, म्हणून नकलकारांनी ‘म’च्या जागी ‘नि’ वाचले, असा प्रचलित उलगडा आहे. मला तो पटतो, कारण ही चूक कानाची नव्हे, डोळ्याचीच वाटते. १३९१च्या सुमारास इंग्रजी कवी चॉसर यांनी अ‍ॅस्ट्रोलेब या ताऱ्यांची उंची मोजण्याच्या यंत्रावर लिहिले, तेव्हा हा शब्द इंग्रजीत रुळू लागला होता.

शब्द एकटा तपासू नये, त्याची भावंडेही पाहावीत. ‘अझिमथ’, म्हणजे दिगंश (क्षितिजावरची दिशा अंशांत), हा ‘सम्त’च्याच अनेकवचनातून, ‘अस-सुमूत’पासून आला. ‘नादिर’चे मूळ ‘नझीर’, म्हणजे समोरासमोरचा. आपल्या रोजच्या ‘नजर’ या शब्दाचा धातूही तोच.

लाक्षणिक अर्थ, म्हणजे ‘कळस’, शेवटी पाहावा, कारण फसगत तिथेच होते. दुपारचा सूर्य झेनिथवर असतो असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे २३.४ अंशांपर्यंतच्या पट्ट्याबाहेर तो खस्वस्तिकावर कधीच येत नाही. म्हणून असे वाक्य मराठीत आणताना आधी त्या स्थळाचे अक्षांश पाहावेत, आणि ते या पट्ट्याबाहेरचे असतील तर सरळ ‘माध्यान्ह झाली होती’ असे लिहावे.